लाँचवर वाशिमचाही हक्क आहे

"मुंबईत बोट चालो नाहीतर बुडो, आपल्याले काय करा लागते?" वाशिमच्या पाटणी चौकात कुणी हे वाक्य टाकले, की पुढे फारसा वाद होत नाही. माना हलतात, चहा संपतो, विषय सोयाबीनच्या भावावर येतो. कुलाब्यात, गेटवे ऑफ इंडियाच्या शेजारी, रेडिओ क्लबजवळ नवी प्रवासी जेट्टी होणार आणि तिला २२९ कोटी रुपये लागणार, ही बातमी आली तेव्हाही आमच्याकडे हाच सूर लागला. समुद्र कोकणाचा, बोट मुंबईची, पैसा मात्र सगळ्या महाराष्ट्राचा. आणि एवढे करून ती बोट कशासाठी, तर पर्यटकांना हवा खायला.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत जाऊन बसला. 'आकांक्षित' हा मागास या शब्दाचा सरकारी इस्त्री केलेला अवतार. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचनाचा अनुशेष मांडला, तेव्हापासून वऱ्हाडातल्या दोन पिढ्या तो शब्द ऐकत म्हाताऱ्या झाल्या. त्यात जिल्ह्याची ठेवणच अशी, की तो पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला. काटेपूर्णा इथून निघून तापीच्या खोऱ्यात उतरते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेला मिळून गोदावरीकडे जातात. आमच्याकडे पडलेले पाणी आमच्याकडे थांबत नाही, आणि जे थांबते त्यावर होडी चालवण्याआधी पंप बसवायचा असतो. अशा माणसाला मुंबईच्या धक्क्याचे कौतुक सांगायला गेले तर तो चिडेल, आणि त्याच्या चिडण्याला आधार आहे.

गंमत अशी की त्याच जेट्टीवर कुलाब्यातूनही तोफा डागल्या गेल्या. रहिवाशांच्या संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली. वारसा परिसर, अरुंद रस्ते, वाहतूक, सुरक्षा असे मुद्दे होते आणि त्यांतले काही रास्तही होते. पण त्या सगळ्या मुद्द्यांच्या तळाशी एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, तो म्हणजे गर्दी. आता गेटवेवरची गर्दी म्हणजे कोण? कुलाब्यातला माणूस घारापुरीच्या लाँचसाठी रांगेत उभा राहत नाही. रांगेत असतात ते रिसोडचे, मानोऱ्याचे, लातूरचे, जळगावचे. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये पाय आखडून आलेले, हातात पाण्याची बाटली, पिशवीत घरच्या दशम्या. म्हणजे कुलाबा म्हणतो, ही माणसे इथे नकोत. आणि पाटणी चौक म्हणतो, आपल्याला तिथे काय करायचे! दोन टोके एकाच निकालावर येतात. मला तो निकाल मान्य नाही आणि हा लेख दोघांनाही उत्तर म्हणून लिहितो आहे.

आधी घरच्यांचे बघू.

वाशिम जिल्ह्यातला सामान्य माणूस आयुष्यात एकदा तरी मुंबई बघतो. कुणी मंत्रालयातल्या कामासाठी, कुणी टाटा रुग्णालयात नातेवाइकाला घेऊन, कुणी शाळेच्या सहलीत. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. कारंजा, शेलुबाजार, मालेगाव अशा आपल्याच गावांजवळून त्यावर चढता येते. मुंबई पूर्वी होती त्याहून जवळ आली. आणि मुंबईत गेलेला माणूस वेळात वेळ काढून एक गोष्ट करतोच: गेटवेला जातो आणि लाँचमध्ये बसतो. परतल्यावर गावात सांगायला मंत्रालय नसते, टाटाचे तर कुणी सांगतही नाही. सांगायला लाँच असते.

ज्यांनी तो प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेटवेच्या पायऱ्या शेवाळलेल्या. लाँच एकीला एक चिकटून लावलेल्या असतात, त्यामुळे आपली लाँच तिसरी असेल तर आधीच्या दोन लाँचच्या फळ्यांवरून उड्या टाकत जायचे. खलाशी म्हातारीचा दंड धरतो आणि पोराला काखेत उचलून पलीकडे ठेवतो, दोन्ही एकाच झटक्यात. खाली बाक. वरच्या मजल्यावर बसायचे तर वर दहा रुपये वेगळे द्यायचे, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. मग तासाभराचा प्रवास. या तासात जे दिसते ते मुंबईतल्या कुठल्याही उंच इमारतीवरून दिसत नाही. ताज आणि गेटवे समुद्राच्या बाजूने, म्हणजे ज्या बाजूने ते बघावेत म्हणून बांधले त्या बाजूने दिसतात. नौदलाच्या करड्या युद्धनौका. जवाहर द्वीपाला टेकलेली तेलवाहू जहाजे. तुर्भ्याच्या किनाऱ्यावर अणुसंशोधन केंद्राचा घुमट. पलीकडे न्हावा शेवा बंदराच्या क्रेन. सातवी-आठवीच्या भूगोलातले बंदर हे प्रकरण एका तासात डोळ्यांपुढून सरकते, तेही चालू अवस्थेत. मग घारापुरी, जी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. माझ्यापुरते विचाराल तर लेणी उत्तमच, पण सहलीतल्या पोरांच्या लक्षात राहते ती लाँच. मास्तरांनी कबूल केले नाही तरी त्यांच्याही.

त्याच लाँचने बेटावरची माणसेही ये-जा करतात. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही घारापुरीवरची तीन गावे. बेटाला समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली ती २०१८ मध्ये. रस्ता तर येणारच नाही. त्यांना भाजी, औषध, शाळा, लग्नाचा बस्ता, सगळे पाण्यावरून. म्हणजे ज्या बोटीला आपण हवा खायची बोट म्हणतो, तिच्या शेजारच्या बाकावर कुणाची तरी रोजची गरज बसलेली असते. हे दोघे एका बोटीत बसतात, म्हणूनच ती बोट चालते. बेटावरच्या हजारभर लोकांसाठी दिवसभर लाँच सोडणे कुणाला परवडले नसते. पर्यटकांमुळे ते परवडते. आणि पर्यटकाला बोट परवडते, कारण ती साधी आहे. माझे सगळे म्हणणे याच मुद्द्यापाशी येते. रोजचा प्रवासी आणि बघायला आलेला माणूस यांची ताटातूट केली की दोघेही बुडतात.

ही ताटातूट करून बघितली गेली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई-बेलापूर वॉटर टॅक्सीचा मोठा गाजावाजा झाला. मोठ्या कॅटामरानचे तिकीट २९० रुपये, स्पीडबोटीचे आठशेपासून बाराशेपर्यंत. बेलापूरहून मुंबईला लोकलने येणारा माणूस महिन्याच्या पासाला जेवढे मोजतो त्याहून जास्त स्पीडबोटीच्या एका फेरीला! साहजिकच बोटी रिकाम्या धावल्या आणि मग धावेनाशा झाल्या. त्याआधी नव्वदच्या दशकात हॉवरक्राफ्टचेही असेच झाले होते. प्रत्येक वेळी पंचनाम्यात एकच कारण लिहिले गेले: मुंबईकरांना जलवाहतूक नको आहे. मग भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला आणि रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये इतकी वर्षे कोण बसत होते? वर्सोव्याहून मढला काही मिनिटांत पलीकडे नेणाऱ्या होडीत, रस्त्याने वीसेक किलोमीटरचा वळसा वाचवणारे कोण आहेत? मार्वे-मनोरीच्या फेरीत दुचाकी चढवून कामाला जाणारे कोण? लोकांनी जलवाहतूक नाकारली असे म्हणणारे अधिकारी, लोकांनी नाकारले ते तिकीट होते, एवढे मान्य करत नाहीत.

कोचीने नेमके उलटे केले. तिथली वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, भाडे वीस रुपयांपासून चाळीसपर्यंत. बोटी कोचीन शिपयार्डात बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, एकेकीत शंभर माणसे. वायपीनच्या बेटावरून हायकोर्टाच्या धक्क्याला नोकरीसाठी येणारी बाई आणि केरळ बघायला आलेले जोडपे एकाच रांगेत. त्याच राज्याच्या जलवाहतूक विभागाने कुट्टनाडच्या खाडीत दुमजली बोटी घातल्या: वरचा मजला पर्यटकांना जास्त भाड्याने, खालचा गावकऱ्यांना नेहमीच्या भाड्याने. म्हणजे आपल्या गेटवेच्या लाँचवरचे वरचे दहा रुपये, फक्त धोरण म्हणून नीट मांडलेले. आपल्या खलाशांना जे कळले ते मंत्रालयात पोचायला अजून कुठली बोट लागेल कोण जाणे.

याला लगेच उत्तर येते की केरळचे वेगळे, तिथे घराच्या पायरीला पाणी. ठीक. मग हाँगकाँग घ्या. तिथली स्टार फेरी जगभरातले पर्यटक मुद्दाम बघायला जातात. पण ती रोज कामावर जाणाऱ्यांची बोट आहे आणि तिचे भाडे कायम चिल्लरीत राहिले. ती १८८८ च्या सुमारास सुरू केली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईच्या पारशाने. न्यूयॉर्कला स्टेटन आयलंडची बोट १९९७ पासून सगळ्यांना फुकट आहे. पंचवीस मिनिटांत स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बाजूने दिसतो आणि खासगी जलसफरीच्या दलालांचा या फुकट बोटीवर दात असतो. अमेरिकेसारख्या बाजारपेठेच्या देशात बोट फुकट, आणि आपल्याकडे समाजवादी भाषणे करणारे म्हणतात की जलवाहतूक स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. एसटी कुठे स्वतःच्या पायावर उभी आहे? पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून फुकट, बायकांना २०२३ पासून निम्मे भाडे, आणि त्याचा बोजा सरकारने उचलला. चांगलेच केले. मंगरूळपीरची आजी त्यामुळे पोहरादेवीला जाऊन येते, लेकीकडे पनवेलला जाऊन येते. मात्र पनवेलहून लेक तिला गेटवेला घेऊन गेली की पायऱ्यांपाशी महाराष्ट्राची सगळी सवलत संपते. एसटीचा तो कागद जेट्टीवर कुणी विचारत नाही. रस्त्यावर ती राज्याची नागरिक असते, पाण्यावर उतरली की गिऱ्हाईक होते.

आता अनुशेषाचा मुद्दा, कारण पाटणी चौक तो सहज सोडणार नाही. २२९ कोटींत आमच्याकडे कितीतरी बंधारे झाले असते, हे म्हणणे ऐकायला बरोबर वाटते. पण हाच चौक अटल सेतूच्या वेळी गप्प होता. तो सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी उघडला, लांबी २१.८ किलोमीटर, खर्च १७,८४० कोटींहून जास्त. जेट्टीचा खर्च त्याच्या जेमतेम सव्वा टक्का. सेतूवर मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, पायी चालायचा प्रश्नच नाही. त्यावर बसगाड्या धावतात हे खरे, पण सेतू बांधला गेला तो मोटारीसाठी. वाशिमच्या पैशाची एवढी काळजी असेल तर ती अठरा हजार कोटींपाशी सुरू व्हायला हवी होती. तिथे आम्ही मोबाइलवर ड्रोनचे फोटो फिरवत होतो. ज्या बांधकामावर गरीब पाय ठेवू शकत नाही त्याचा अभिमान, आणि ज्या बोटीत तो बसू शकतो तिचा हिशेब, असला हा न्याय.

आणि दोन्ही रकमांचा अडाणच्या कालव्याशी संबंध काय? सिंचनाचा अनुशेष उरला तो मुंबईत लाँच चालल्या म्हणून नव्हे. प्रकल्प रेंगाळले, भूसंपादन अडले, किमती वाढत गेल्या, आणि आमच्याच लोकप्रतिनिधींनी त्यावर दरवर्षी तेच भाषण केले. लाँच बंद केल्याने अडाणच्या चारीला बोटभर पाणी जास्त येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक शहाणा आहे. पूल झाले, सागरी रस्ता झाला, उरणपर्यंत लोकल तर अटल सेतूच्याच दिवशी सुरू झाली. आता बोट कशाला? याला गोव्याने फार वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला. राजधानी आणि बारदेश यांच्यामधला तो मुख्य दुवा. नवा पूल यायला १९९२ उजाडले. मधली सगळी वर्षे गोव्याचा गाडा ओढला तो फेरीबोटींनी. नदी परिवहन खात्याने बोटी मोडीत काढल्या असत्या तर काय झाले असते, हे पणजीतल्या जुन्या माणसाला विचारावे. आज मांडवीवर शेजारी शेजारी तीन पूल आहेत आणि त्यांच्या सावलीत पणजी-बेतीची फेरी अजून चालते. पायी माणसाला तिकीट नाही. रायबंदरहून चोडणला, जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेऱ्यांचेही तसेच. २०२३ मध्ये दुचाकींना भाडे लावायचा घाट घातला तेव्हा लोकांनी इतका आवाज केला की सरकारला तो निर्णय गुंडाळून ठेवावा लागला. त्या फेरीबोटीत उभे राहिले की एका बाजूला झगमगत्या कॅसिनो बोटी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला मासळीची पाटी घेतलेली बाई. गोवा बघायला मला तरी याहून चांगली जागा सापडलेली नाही, आणि ती फुकट आहे.

कोकणातही हेच. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून वाशिष्ठीच्या मुखावर माणसे आणि गाड्या पोचवते. गुहागरला बदली झालेला शिक्षक आणि पुण्याहून आलेली मोटार एकाच फळीवरून चढतात. समुद्र सोडा, कोयनेच्या शिवसागर जलाशयात बघा. धरणाने रस्ते गिळले, मग बामणोली-तापोळ्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या लाँच आल्या. जिल्हा परिषद बोट चालवू शकते, हे वऱ्हाडातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

आता सगळ्यात जड मुद्दा. याला टाळून पुढे जाणारा लेख बेइमान ठरेल.

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा जण गेले, त्यांत सहलीला आलेली लहान मुलेही होती. लाँचवर परवान्यापेक्षा जास्त माणसे होती हेही नंतर बाहेर आले. त्यानंतर आमच्याकडच्या कितीतरी पालकांनी सहलीच्या संमतिपत्रावर स्वतःच्या हाताने ओळ लिहून दिली: बोटीत बसवू नये. मास्तरांनीही सुटकेचा श्वास सोडला. मी त्या पालकांना दोष देणार नाही. वाशिमच्या पोराला पोहता येत नाही, त्याच्या बापालाही येत नाही.

पण बोटीत बसवू नये, म्हणून पोरे पाण्यापासून लांब राहतात का? १४ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच अमरावती विभागात, वरुड तालुक्यात झुंज येथे, वर्धा नदीत नाव उलटून एकाच गोतावळ्यातले अकरा जण गेले. दशक्रियेला आलेली माणसे, धबधबा बघायला छोट्या नावेतून निघाली होती. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडचिरोलीकडे चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांची नाव वैनगंगेत बुडाली. या तीन ठिकाणी कुठली जेट्टी होती? कुठली तिकीट खिडकी, कुठले लाइफ जॅकेट, किती माणसे बसवायची याचा कुठला फलक? काहीही नव्हते. पलीकडे जायची गरज होती किंवा धबधबा बघायची हौस होती, आणि समोर जी नाव आली तीत माणसे बसली. जिथे सार्वजनिक बोट नसते तिथे माणूस बोटीवाचून राहत नाही, तो मिळेल त्या डोंग्यात बसतो. बुडालेल्यांची यादी बघितली तर त्यात गेटवेच्या नियमित फेऱ्यांपेक्षा असल्या बेवारस पाण्यांची नावे जास्त दिसतील.

'नीलकमल'चा धडा बोट बंद करा हा नाही. नौदलाची चाचणी प्रवासी मार्गावर का चालू होती, हा एक प्रश्न. जादा माणसे चढली तेव्हा मोजणारे कोण होते, हा दुसरा. घारापुरीच्या लाँच मालकांच्या सहकारी संस्थेच्या, परवाने मेरीटाइम बोर्डाचे, गर्दी सांभाळायला पोलीस, आणि शेवटी पायऱ्यांवर उभा असलेला एकटा खलाशी हाताने 'चला चला' करतो. मोजणी कुणाचीच नाही, कारण ती सगळ्यांची आहे. जुलै १९४७ मध्ये 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हाही बोट खच्चून भरलेली होती. पंच्याहत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी किती माणसे चढली, हे अजून अंदाजानेच ठरते. एसटीचा कंडक्टर पंचावन्न माणसांच्या गर्दीत वाट काढत प्रत्येकाला तिकीट फाडतो. तेवढी शिस्त पाण्यावर आणायला कुठले परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. धक्क्यावर एक दांडा आणि मोजणारा एक माणूस, ज्याचा पगार बोट भरली की वाढत नाही.

आणि म्हणूनच मला ती जेट्टी हवी आहे, कुलाब्याची नाराजी पत्करून. आज गेटवेच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून, एका लाँचमधून दुसरीत उड्या मारत, मोजणीविना माणसे चढतात. नीट धक्का झाला तर मोजून चढतील. उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जेट्टीला परवानगी दिली, सर्वोच्च न्यायालयानेही मोडता घातला नाही. उच्च न्यायालयाने घातलेल्या अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत. पायऱ्यांच्या प्रेक्षागारात प्रवाशांनी बोटीची वाट बघायची, तिथे करमणुकीचे कार्यक्रम नाहीत. उपाहारगृहात पाणी आणि पाकीटबंद खाणे मिळेल, जेवणावळी नाहीत. म्हणजे न्यायालयाने सरकारला सांगितले की बाबांनो, हा धक्का आहे, धक्काच राहू द्या. मला या निकालात कुलाब्यापेक्षा वाशिमचा फायदा जास्त दिसतो. आराखड्यात व्हीआयपींसाठी दालन आहे, गाड्या उभ्या करायची जागा आहे. आमच्या आजीला यातले काही नको. तिला सावली, बसायला बाक, स्वच्छ मुतारी आणि पायरी-पायरीत कमी अंतर हवे. हे सगळे मिळून व्हीआयपी दालनाच्या वातानुकूलन यंत्राएवढेही खर्चिक नाही.

कुलाब्याच्या गर्दीच्या तक्रारीवर एवढेच म्हणेन की दक्षिण मुंबईचे समुद्रदर्शन घरबसल्या घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा येणाऱ्यांना रस्ता अडवल्याबद्दल बोल लावू नये. त्या किनाऱ्याचे भाडे राज्याने त्यांच्याकडून कधी घेतलेले नाही.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या काही लाँच कंपन्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस देतात. उतरा, बसमध्ये बसा, वेगळे तिकीट नाही. ही साधी सोय एसटी महामंडळाला आणि मेरीटाइम बोर्डाला मिळून वाशिम, अकोला, नांदेडच्या गाडीसाठी करता येते: सहलीच्या आरक्षणातच लाँचचे तिकीट, लेणी सोमवारी बंद असतात ही सूचना आगाराच्या फलकावर मराठीत, पावसाळ्यात मांडव्याच्या फेऱ्या कधीपासून बंद आणि कधी सुरू याची तारीख. सोमवारी सकाळी गेटवेला पोचून, "आज लेणी बंद, बंदरात चक्कर मारून आणतो" असे ऐकलेल्या मास्तरांचे चेहरे बघितलेले आहेत. त्या चकरेचे भाडे भरून पोरे परत येतात आणि घारापुरी पुस्तकातच राहते.

डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला भरते. जिल्ह्याच्या आमदारांनी तिथे अनुशेषावर बोलावेच, दरवर्षी बोलतात तसे. पण एक तारांकित प्रश्न मंत्र्यांना आणखी विचारावा: एसटीत चालणारी ज्येष्ठ नागरिकांची आणि महिलांची सवलत नव्या जेट्टीवरून सुटणाऱ्या सार्वजनिक लाँचला लागू होणार आहे का, असल्यास कोणत्या तारखेपासून, आणि नसल्यास का नाही.